जांभईतून पडलेलं जग

न्हाई, तुमीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? सत्तरी गाठली, तांड्याची नाईकी केली, बांधाची भांडनं सोडवली, नवरा-बायकोची सोडवली, एका बकरीवर दोन घरांनी हक्क सांगितला तवा बकरीलाच मधी सोडून न्याय केला... आन ह्या वयात माझ्यापुढं खटला कोन्ता आला, तर म्हने जग कोनी केलं! बसा, बसा, उभे काहून? पुसेगावची गाडी काय इतक्यात येत न्हाई, ह्या कनेरगाव नाक्यावर गाडीची वाट बघण्यातच माझी जवानी गेली, मला ठावं हाये. बसा आन ऐका. आन हे आपलं जग न्हाई बरं का. आपल्या जगावर भांडन असतं तर मी समजलो असतो, ह्या जगाला नावं ठेवायला मीबी कमी न्हाई. जग कोन्तं, तर मोबाईलमधलं!

माझी नात पुजा, हिंगोलीला कॉलेजात शिकती. तिचे मायबाप पुण्याला कामाला, म्हनून पोरगी लहानपनापासून आमच्याजवळ, म्हंजे मी आन माझी बायको भिकाबाई, आमच्या दोघांजवळ. माझा लई जीव हाये तिच्यात, हे आधीच सांगून ठेवतो. तर तिची सोयरीक जमवली पुसेगावकडच्या तांड्यात, तिथल्या बाबूसिंग नाईकाचा नातू अमरसिंग, मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाये पोराचं, सुपारीसुद्धा खात न्हाई, नाकीडोळी बराबर. आमच्यात सगाईचा गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, मंग मोडायची म्हनलं तर दोन्ही तांड्यांची मान खाली. गूळ खाल्ला. दोघं फोनवर बोलाया लागली, तासन्‌तास! मी खुश, भिकाबाईला म्हनलं, बघ कसं गोडगोड बोलत असतील, आपल्या वक्ताला असं कुठं व्हतं? ती म्हनली, आपल्या वक्ताला तुमी लगीन होऊन सा महिने बोलले न्हाई, आन बोलले तवा पयला सवाल केला की म्हशीला पानी दावलं का. आता हे काढायची काय गरज व्हती? असू द्या. एक दिवस दारावरून जाता जाता कानावर आलं, पुजा आतून म्हनून राहिली, 'तू त्याला मागून धर, मी पुढून भाला घालते, काळीज मला दे, शिंगं तू ठेव.' मला तिथंच खाली बसावं लागलं.

मंग कळलं की खेळ हाये. खेळ म्हंजे पत्ते न्हाई, लगोरी न्हाई, अख्खं एक जग हाये त्याच्यात, आन त्या जगाला थर, सात, एकावर एक. नाव इंग्रजी हाये, माझ्या जिभेवर बसत न्हाई. मी म्हनलं, म्हंजे उतरंडच की! मडक्यावर मडकं, मोठं खाली, लहान वर. पुजा म्हनली, व्हय दादा, उतरंडच समज. आमच्यात आज्याला दादा म्हनत्यात. तवापासून आमच्या घरात त्या खेळाचं नावच उतरंड पडलं. सगळ्यात वरच्या थरात नुसता उजेड, तिथल्या लोकांना सावलीच पडत न्हाई, म्हंजे उन्हाळ्यात हाल कुत्रं खात नसंल, पन ऐट बघा त्यांची. मधी कुठं एक नदी हाये, ती चढावर वाहती. एका थरात झाडं छतातून खाली उगवत्यात, फळ तोडायला चढायचं न्हाई, नुसतं खाली उभं राहून आपलं डोकं सांभाळायचं. आन सगळ्यात तळाला गच्च अंधार, तिथली मानसं डोळ्यानं न्हाई, कानानं वळखत्यात. वरचे लोक भांडी घासत्यात, आंघोळी करत्यात, ते पानी गळून खालच्या थरात पडतं, आन खालचे म्हनत्यात, पाऊस आला, चला पेरनीला! हे ऐकून मी मान हलवली. म्हनलं, हा खेळ ज्यानं काढला त्यानं कालव्याच्या शेवटाला शेती केलेली दिसती.

बरं, मानसं आली म्हंजे 'आपून आलो कुठून' हा सवाल आलाच. तर दर थराची उत्पत्ती न्यारी! आन दर थराला वाटतं, आपलाच थर पयला, बाकीचे मागून चिकटले. मधल्या थराचे म्हनत्यात, जग मधूनच सुरू झालं आन दोन्हीकडं फुगलं, तव्यावर भाकर फुगती तसं. पाचव्या थराचे म्हनत्यात, जग अजून झालंच न्हाई, काम चालू हाये. हे मला एकदम पटलं, आमच्या तांड्याचा रस्ता तसाच हाये. तळाच्या थराचं मातर मला आवडलं. ते म्हनत्यात, पयले काहीच नव्हतं, अंधार आन एक म्हातारी. त्या अंधारात कोनीतरी हाक मारली. म्हातारीनं 'ओ' दिला. आन त्या 'ओ'तून हे सगळं जग निघालं. मी पुजाला इचारलं, हाक कोनी मारली? ती म्हनली, तेच तर कोनाला ठावं न्हाई दादा, सगळा खेळ त्याच्यासाठीच हाये, हाक मारनाऱ्याला धुंडायचं. माझी पुजा ह्या तळाच्या थरातली.

आन आपले जावईबापू वरच्या. त्यांची उत्पत्ती ऐका. एक राजा व्हता, त्याला आली झोप, त्यानं दिली जांभई, आन जांभईतून थर पडले. ताज्या दमाचा तो वरचा, आन दम सरता सरता जो शिळा वारा निघाला तो तळाचा. राजा झोपला, तो अजून झोपलेलाच हाये. संपली उत्पत्ती! तुमीच सांगा, ही काय जग करायची रीत झाली? आमच्या घरात जांभई आली तर मानूस तोंडापुढं चुटकी वाजवतो. त्या राजानं येळेवर चुटकी वाजवली असती तर कोनालाच तकलीफ झाली नसती.

इथवर ठीक व्हतं हो. दोघं सात थर हिंडत, राक्षस मारत, आमाला काय तरास न्हाई. पन ह्या खेळात लगीनबी लागतं! पोरांनी ठरवलं, खरं लगीन तर व्हनारच हाये, त्याआधी उतरंडीत लावू. दोस्त जमले, कोन औंढ्याचं, कोन कळमनुरीचं, सगळी पोरं आपापल्या घरात बसून वऱ्हाडी. आन लगीन लावता लावता खेळ मधीच इचारतो, तुमच्या घराण्याची उत्पत्ती कोन्ती? दोन घरं एक झाली तर सुरुवात एकच पाहिजे म्हने. दोघांनी सारखंच बटन दाबायचं. आन एकदा दाबलं की दुसरी उत्पत्ती पुसली, त्या उत्पत्तीचा गुनबी गेला. म्हंजे पुजानं जांभई मानली तर खेळातल्या तिच्या बाईचे कान जानार, लांबून हाक ऐकू येते ती बंद. मंग राहिलं काय तिच्यापाशी? तर हे सगळं सामने असताना अमरसिंगनं काय केलं? दाबली जांभई. एका शब्दानं तिला इचारलं न्हाई. वर सगळ्या वऱ्हाडापुढं म्हनतो कसा, दाब पुजा, लगीन झाल्यावर तुला आमच्याच थरात यायचं हाये ना.

पुजानं फोन पालथा ठेवला. बाहेर आली, आन मला म्हनली, दादा, मला हे लगीन करायचं न्हाई. मी म्हनलं, खेळातलं? ती म्हनली, दोन्हीकडचं.

आता गूळ खाल्लेला! पोरीचे डोळे रडून लाल, जेवाया तयार न्हाई, समजवायला गेलं की म्हनती तुमाला कळनार न्हाई. तिकडून बाबूसिंग नाईकाचा फोन, काय हो, सोयरीक मोडून राहिले का काय? मी म्हनलं, मोडत न्हाई, नसाब बसवू. नसाब म्हंजे आमच्या तांड्यातली न्यायाची बैठक. चार शहाने बसत्यात, दोन्ही बाजू ऐकत्यात, तोडगा काढत्यात, शंभर भांडनं तिथं मिटलेली मी सोता बघितली. ह्यात माझं काय चुकलं, सांगा ना!

आयतवारी सकाळी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं, आमच्या दारासमोरच्याच लिंबाखाली बसलो. मी पोरीचा आजा, म्हंजे एका बाजूचा, म्हनून न्यायाला बसवलं प्रेमदासला. प्रेमदास आमच्या तांड्यातला सगळ्यात म्हातारा, त्याच्या शब्दाबाहेर कोनी जात न्हाई. बाबूसिंग आला, नवीन फेटा बांधून, मागं त्याची चार मानसं आन खाली मान घातलेला अमरसिंग. प्रेमदासनं रीतसर इचारलं, वाद कशाचा? अमरसिंग सांगाया लागला, थर, उत्पत्ती, बटन... प्रेमदासनं सगळं ऐकून घेतलं, चुन्याची डबी काढली, आन म्हनला, बरं, हे जग झालं तवा हजर कोन व्हतं? साक्षीदार आना. त्याचंबी बराबर हाये, पन्नास वर्सं तो बांधाच्या भांडनात हेच इचारत आलेला.

साक्षीदार कुठून आननार? पन बाबूसिंग उठला. त्याला खेळातलं ओ का ठो कळत न्हाई, तरी छातीला हात लावून म्हनला, आमचा राजा हजर व्हता. आमचा! जसा काय ह्याच्या सख्ख्या चुलत्याच्या घरातला. म्हनला, आमी वरचे, ताज्या दमाचे, तुमी तळाचे, पोरगी वर येऊन राहिली तर हात जोडून पाठवा. आन हसला. तुमाला सांगतो, मला काय झालं मला ठावं न्हाई, पन त्या अंधारातल्या म्हातारीला तो हसला आन मला वाटलं माझ्याच आजीला हसला. मीबी उठलो. म्हनलं, बाबूसिंग, ज्याला जांभई देताना चुटकी वाजवायची अक्कल न्हाई तो कसला राजा? तो झोपाळू, आन तुमी त्याच्या तोंडातून गळलेले!

झालं. फेटा हलला. बाबूसिंग म्हनला, माझ्या मूळपुरुषाला बोलतो? मी म्हनलं, तू माझ्या मूळबाईला बोलला! तो म्हनला, म्हातारी 'ओ' देती आन जग निघतं, हे कोन पटवून घेईल? मी म्हनलं, जांभईतून निघतं ते पटतं व्हय तुला? एवढ्यात, नशीब बघा, प्रेमदासला आली जांभई. न्हाईतरी त्याची दुपारच्या आधी एक झोप असती. दिली त्यानं, आ वासून, अख्खी. सगळी नसाब त्याच्या तोंडाकडं बघून राहिली. मी वाकून खाली बघितलं, म्हनलं, बाबूसिंग, चिमूटभर तंबाखू पडली, ह्याच्यात तुझा थर कोन्ता ते वळखून घे. तर तो म्हनला, मंग तू दे ना 'ओ', काढ एखादी म्हैस तरी! मी काय कमी हाये? मी उभा राहून दिला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, 'ओऽऽ'! जग न्हाई निघालं. घरातून बायको निघाली.

भिकाबाई पदर खोचून आली, म्हनली काय आरडून राहिले, मेलं का कोनी? बाबूसिंग तेवढ्यात आपल्या मानसांना म्हनून राहिला की चला उठा, अशा घरची पोरगी नको, आन मीबी रागाच्या भरात म्हननारच व्हतो की जा, गूळ परत घेऊन जा... आता ह्याच्यात चूक हाये असं मला अजूनबी वाटत न्हाई, पन पुजा दारात उभी व्हती, आन तिचा चेहरा बघितला आन माझे शब्द तोंडातच राहिले. एवढीशी झालती पोरगी. तिला मोडायचं नव्हतं हो. तिला फक्त कोनीतरी इचारावं असं वाटत व्हतं, आन आमी दोघं म्हातारे राजाची आन म्हातारीची इज्जत राखून राहिलो व्हतो.

भिकाबाईनं आमा कोनाकडं बघितलंच न्हाई. ती सरळ अमरसिंगपुढं जाऊन उभी राहिली आन म्हनली, "बाळा, बटन दाबायच्या आधी तू तिला इचारलं व्हतं का?"

पोरगं उठून उभं राहिलं. म्हनलं, "न्हाई, दादी. मला वाटलं, असंच असतं."

मंग पुजा बोलली, दारातूनच, आवाज न चढवता. "घर बदलनार, गोत बदलनार, आडनाव बदलनार, ते मी सगळं कबूल केलं. जगाची सुरुवात तरी मला इचारून ठरवायची."

हे ऐकून प्रेमदाससुद्धा पुरता जागा झाला. बाबूसिंगच्या मानसातला एक जन हळूच म्हनला, पोरगी बराबर बोलती. आन अमरसिंगनं खिशातून फोन काढला. दाबलेलं बटन माघारी घेता येत न्हाई म्हने, एकच रस्ता हाये, आपला थर सोडून द्यायचा, मंग मिळवलेलं सगळं जातं आन तळाला नव्यानं जन्म घ्यावा लागतो. पोराचा वरच्या थरात वाडा व्हता, सोन्याचं चिलखत व्हतं, उडनारा रेडा व्हता, आमच्या पुजानंच सांगितलं व्हतं की त्या रेड्यासाठी त्यानं तीन वर्सं राबून काढली. दिलं सोडून! तिथंच, आमच्या सामने. मी डोकावून बघितलं, फोनच्या काचेवर सगळा अंधार, आन त्या अंधारात एक उघडंबोडकं पोर. पुजा म्हनली, आता ह्यानं हाक मारायची, आन कोनी 'ओ' दिला तरच तो जगतो. अमरसिंगनं मारली हाक. पुजानं लगेच दिला असंल असं वाटतं तुमाला? माझी नात हाये ती. आधी पदर खोचून सगळ्या नसाबीला च्या आनून दिला, कपबशा गोळा केल्या, मंग फोन घेतला आन दिला 'ओ'. पोरगं असं हसलं म्हनून सांगू, उडनारा रेडा गेल्याचं दुःख कुठल्याकुठं पळालं.

तर मिटलं ना? तुमालाबी वाटलं ना मिटलं? मलाबी तेच वाटलं. मी हात जोडून बाबूसिंगला म्हनलं, चला व्याही, जेवाया बसू. बाबूसिंग म्हनला, पोरांचं मिटलं, आपलं कुठं मिटलं? माझ्या डोळ्यादेखत माझा नातू सगळ्यात वरून सगळ्यात खाली नेला, त्याचं मी काही बोलत न्हाई, तो त्याच्या मर्जीनं गेला. पन माझ्या राजाला झोपाळू म्हनलं, आमाला तोंडातून गळलेले म्हनलं, चार मानसांत म्हनलं, त्याची माफी झाल्याशिवाय माझ्या तांड्यातून वरात निघत न्हाई. मी म्हनलं, अरे बाबा, तो राजा मोबाईलमधला हाये! तो म्हनला, अपमान तर मोबाईलमधी झाला न्हाई, लिंबाखाली झाला. आता ह्याला काय म्हनावं? मी प्रेमदासकडं बघितलं, म्हनलं तू सांग ह्याला शान्या मानसाची गोष्ट.

प्रेमदासनं शांतपनानं तंबाखू मळली आन म्हनला, नाईक, तुमचाच कायदा हाये. बकऱ्याच्या वाट्यावरून दोन भाऊबंद भांडले, एकानं दुसऱ्याच्या पंजोबाला शिवी दिली, तवा तुमीच ठरवून दिलं की दुसऱ्याच्या मूळपुरुषाला जो बोलंल त्यानं त्याच्या दारात जाऊन गूळ वाटायचा. मी म्हनलं, अरे, पन तोबी माझ्या म्हातारीला बोलला! तर म्हनला, तो नुसता हसला, तुमी बोलले. तुमाला सांगतो, जगाची सुरुवात कोनी केली ते अख्ख्या नसाबीला ठरंना, पन भांडनाची सुरुवात कोनी केली ते एका दमात ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. भिकाबाईनंसुद्धा!

म्हनून निघालो हाये, पुसेगावला. पुजा म्हनली, दादा नको जाऊ, खेळ हाये तो, मी त्यांना समजावते. मी म्हनलं, पोरी, तू त्या पोराला अंधारातून वर काढलं, आता मधी ह्या म्हाताऱ्याचा फेटा नको यायला. तुझं लगीन होऊ दे, मला गूळ वाटायला काय जातं? भिकाबाईनं तर निघताना बजावलं की तिथं जाऊन पुन्ना वाद घालायचा न्हाई, आन काहीबी झालं तरी त्यांच्यासमोर जांभई द्यायची न्हाई. आता गुळाला काय हो, गूळ मी देतो. पन बाबूसिंगचा निरोप आला की नुसता गूळ चालनार न्हाई, सगळ्या तांड्यापुढं म्हनायचं, की जग राजाच्या जांभईतूनच झालं. आता ह्या तोंडानं हे म्हनायचं! नाईक मानसानं! तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

चला, आली वाटतं गाडी. न्हाई, ती वाशिमची हाये... तर मी काय म्हनत व्हतो, सकाळपासून घोकून राहिलो, व्हय बाबूसिंग, जांभईतूनच झालं जग, व्हय बाबूसिंग, जांभईतूनच झालं. पयले जीभ वळत नव्हती. पन खरं सांगू का, ह्या दगडावर बसून जितका इचार करून राहिलो तितकं पटून राहिलं. एका म्हाताऱ्यानं नसलेल्या राजासाठी रुसायचं, दुसऱ्यानं त्याची माफी मागाया तिकीट काढून जायचं... करनारा मानूस जागा असता, तर असलं जग केलं असतं का हो त्यानं?